समुद्रकाठी बर्फ पडत नाही

आप्पा दुसऱ्याच्या घरी पाणी मागत, तेव्हा त्यांना तहान लागलेली नसे. लातूरच्या गंज बाजारातली धान्याची आडत सांभाळून ते आमच्या समाजातल्या सोयरिकी जुळवायचे, आणि मुलाकडचं घर पाहायला मुद्दाम वैशाखात, भर दुपारी, न कळवता जायचे. आधी पाय धुवायला पाणी मागायचे, मग प्यायला. तांब्या भरून येतो की अर्धा, आणणारी सासू आहे की सून, आणि सुनेच्या तळहाताला विहिरीच्या दोराचे घट्टे पडलेत का, एवढं पाहून उठायचे. मुलाचा पगार आणि शिक्षण यांची चौकशी परतीच्या एसटीत कुणाकडे तरी केली तरी त्यांचं भागे. "पावसाळ्यात सगळेच घरं चांगले दिसतेत," असं ते म्हणत. मुखेडकडचं एक भरल्या गोठ्याचं स्थळ त्यांनी अर्ध्या तांब्यावरून मोडलं होतं.

बोलताना दर चार वाक्यांनी 'माझा शब्द हाय' येई. लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यांनी दुकानापुढे पेढे वाटले आणि "जिल्ह्याच्या गावाला पाण्याबिगर कोण ठिवतंय? माझा शब्द हाय," असं सांगून टाकलं. पुढे कलेक्टर आले, त्यांच्यामागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांवर नव्या पाट्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही, आणि नळानंही पावसाचंच ऐकलं. पण सरकारच्या वतीनं दिलेला शब्द गोलाईच्या बाजारात कुणी मनावर घेत नसे. सोयरिकीतला मात्र घेत, आणि आप्पांचा तो कधीच खाली पडला नव्हता.

माझे वडील त्यांचे मित्र. ते लवकर गेले, तेव्हा माझं लग्न ही आप्पांनी आपलीच जबाबदारी मानली. स्थळ आणलं ते अमेरिकेतलं, पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातलं. मुलगा इंजिनिअर, माणसं उदगीरची, ओळखीतली. अडचण एवढीच, की तिथं वैशाखात जाऊन पाणी मागण्याची सोय नव्हती. आणि मला लहानपणापासून दमा. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात कुठल्याशा देशातली बर्फात बुडालेली घरं होती, त्यांच्याकडे बोट दाखवून आईनं एकच प्रश्न विचारला, "आप्पा, तिथं असं पडतं का?"

आप्पा दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना गाठून आले. प्राध्यापकांनी त्यांना नीट समजावलं होतं. समुद्र हिवाळ्यातही ऊब धरून असतो. वादळ किनाऱ्याला फार चिकटून आलं, तर ती ऊब जमिनीवर येते आणि बर्फाऐवजी पाऊसच पडतो. फार लांबून गेलं, तर सगळा बर्फ समुद्रात. दोन्हींच्या मधल्या नेमक्या वाटेनं ते आलं आणि त्याच वेळी जमिनीवर कडाक्याची थंडी ठाण मांडून बसलेली असली, तरच किनाऱ्यावर ढीग लागतात. असा योग सहसा जुळत नाही. हा 'सहसा' प्राध्यापकांनी बऱ्याचदा म्हटला असणार, पण कॉलेजातून आमच्या घरापर्यंत येताना तो वाटेत कुठंतरी गळाला. आप्पा आईला म्हणाले, "वहिनी, समुद्रकाठाला बर्फ पडत न्हाई. आपल्याकडं पावसाचा योग जुळंना, तसा तिथं बर्फाचा जुळत न्हाई. माझा शब्द हाय."

योग जुळला. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात जुळला. वादळ त्या मधल्या वाटेनं आलं, आणि सकाळी उठून पाहते तर दार उघडेना. बर्फ खिडकीला टेकला होता. नवरा कचेरीत अडकलेला. घरात मी एकटी, आणि छातीत ओळखीची घरघर. फोन मात्र चालू होता. गंजात आप्पांच्या दुकानी फोन लागला, तेव्हा तिकडे संध्याकाळ होती. दुकानातला पोरगा पाठवून त्यांनी आईला बोलावून घेतलं. मी तिला एवढंच सांगू शकले, की आई, मला परत यायचंय, मला इथं राहायचं नाही. मग रिसीव्हर आप्पांनी घेतला.

"पोरी, हे बर्फ वितळल्यावर पाणी गोड ऱ्हातंय का खारट?"

"गोड," मी हुंदक्यातच म्हणाले.

"दारात हाय?"

"दारातच आहे."

"मग? इथं जिल्ह्याच्या गावाला टँकर दारात यीना, अन् तुझ्या दारातलं पाणी हलंना म्हणून तू रडायलीस?"

मला हसू फुटलं. इतकं, की खोकला लागला आणि खोकल्यानंतर श्वास मोकळा झाला. नवरा दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आला. मी राहिले.

त्यानंतर इतकी वर्षं गेली, तेवढा बर्फ आमच्या गावानं पुन्हा पाहिला नाही. दर हिवाळा सरला की मी फोनवर चिडवायची, "आप्पा, यंदाही नाही पडला. तुमचा शब्द खरा." ते म्हणायचे, "फुडच्या वर्षीचं कोण सांगावं?" ज्यांनी कलेक्टरच्या नळाचीही हमी घेतली होती, ते असं बोलू लागले, याचं मला नवल वाटे. सोयरिकी जुळवणंही त्यांनी सोडल्याचं कानावर आलं. वय झालं, असं मी धरून चालले.

ते गेल्यावर आईनं सांगितलं. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळीच आले होते. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, चहाला नको म्हणाले. "वहिनी, माझा शब्द पडला. पोरीला माघारी आणू. तिच्या सासरी मी जातो, म्हणतो, दोन्ही घरं मी फसवले." त्या काळात परत आलेल्या मुलीपेक्षाही, तिची सोयरीक जुळवणाऱ्याचं नाव गावात जास्त दिवस चघळलं जाई. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आई म्हणाली, "पण आप्पा, पोरगी हसली की फोनवर."

"ती माझी लाज राखायला हसली, वहिनी. ते हसणं खरं न्हवतं." एवढं बोलून ते गेले, आणि पुन्हा कुणाच्या घरी मुलगा पाहायला गेले नाहीत.

आप्पा, ते हसणं खरं होतं.