उंटाच्या उंचीचे टेबल

ती माझ्या नजरेत भरली ती तिच्या उजव्या खांद्यामुळे. इस्त्रीच्या दुकानात वाफेचा धूसर पडदा होता, टांगलेले सदरे पाण्याखालच्या माणसांसारखे संथ डोलत होते, आणि त्यांच्यामध्ये एक ठेंगणी बाई खांदा पार कानाशी नेऊन इस्त्री फिरवत होती. उंच बाकावर बसवलेली लहान मुले लिहिताना अशीच दिसतात. शाळेत असे खांदे मी जन्मभर पाहिले.

टेबल जवळजवळ तिच्या छातीला लागत होते.

"हे कुणी केलं?" मी विचारले.

"आमच्या उंटानं. स्वतःच्या मापाचं."

कोपऱ्यात स्टुलावर बसून घड्या घालणारा तिचा उंच नवरा हसला. दुकान मूळचे त्याचे. गुडघे गेले तशी इस्त्री तिच्या हातात आली.

हळूहळू तिची बोटे बधिर होऊ लागली. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरू लागली. डॉक्टर म्हणाले, टेबल कोपराच्या खाली हवे, हाताला मधूनमधून विसावा हवा, नाहीतर हे काम सोडावे लागेल.

"मग पाय कापून घे की टेबलाचे," मी म्हटले.

ती मला दाराबाहेर घेऊन आली. "बाई, टेबल कापलं म्हणजे ह्यांना तोंडावर सांगितल्यासारखंच होईल, की तुम्ही आता पुन्हा इथे उभे राहणार नाही."



एका दुपारी माझ्यादेखत इस्त्री तिच्या हातून निसटली आणि नवऱ्याच्या पावलाजवळ आदळली. सदरे डोलत राहिले. तिच्या हाताकडे पाहत तो म्हणाला, "बोटं कधीपासून अशी?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मी इथेच बसलेला असतो."

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबल उलटे पडलेले. तिला उभे करून त्याने कोपराचे माप घेतले होते, आणि आता पाय लांब करून जमिनीवर बसून तो करवत चालवत होता. भुसा उन्हात तरंगत होता.

"तिरकं जातंय," ती म्हणाली.

"आता तू मला शिकव."

"शिकवणारच. मालकीण आहे मी."

"बसला, बाई, उंट शेवटी," तो मला म्हणाला. तिने त्याच्या केसांतला भुसा झटकला.

आता थोडे कपडे झाले की तो कोपऱ्यातून हाक देतो, ती इस्त्री उभी करून हात सैल सोडते. बधिरपणा पुरता गेलेला नाही. चहाचा कप मात्र ती एका हाताने धरते.