आजीची वीत

आमच्या आत्याला घरात सगळे ‘उसव’ म्हणतात. नवव्या वर्षी ती आजीच्या शिवणाच्या खोलीत काजं करायला बसली. तेव्हापासून स्वतःचा असो की दुसऱ्याचा, टाका चुकला की तिचा एकच शब्द: उसव. माझं तर निम्मं बालपण उसवण्यात गेलं. आता अडुसष्टाव्या वर्षी ती आजीच्या वहीतले जुन्या तऱ्हेचे स्वेटर विणते आणि टेपला हात लावत नाही. टेप सैल पडते, हात सैल पडत नाही, असं तिचं म्हणणं. वहीत सगळी मापं बोटांत आहेत, बाहीचं तेवढं वितीत.

त्या दिवशी चारला शाळेतल्या बाई येणार होत्या. त्यांच्या आईचा, आजीनेच विणलेला स्वेटर कसर लागून पार चाळणी झाला होता. आत्याने तो उसवला, लोकर धुतली आणि तिचाच पुन्हा विणायला घेतला. “आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे,” बाई म्हणाल्या होत्या. तशी लोकर आता शोधूनही मिळत नाही.

दुपारी एकला एक बाही पुरी झाली होती, दुसरी कोपरापर्यंत आली होती आणि लोकरीचा गुंडा उरला होता लिंबाएवढा.

“आत्या, पुरणार नाही.”

“पुरेल. टाके मोजतेय, बोलू नकोस.”

दीडला गुंडा सुपारीएवढा झाला. आत्या आणखी भराभर विणायला लागली, जसं काही घाईने विणलं की लोकर कमी लागते. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बाईंनी दिलेला, त्यांच्या आईचा हाच स्वेटर घातलेला फोटो बघत बसले.

“आत्या, यांच्या मनगटावरचं घड्याळ दिसतंय.”

“मग?”

“तुझ्या बाहीखाली ते झाकलं जाईल.”

तिच्या सुया थांबल्या. आम्हा दोघींना एकदमच आठवली ती आजीची करंगळी. मशीनची सुई तिच्यातून आरपार गेली होती आणि पुन्हा ती कधी सरळ झाली नाही. लहानपणी मी तिच्यावर किल्ल्या अडकवायचे. त्यामुळे आजीची वीत चांगली दीड बोट तोकडी होती. दोन वितींची बाही, म्हणजे तीन बोटांचा फरक. तरीच आत्याची गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं बाह्या दुमडून घालत होती आणि आम्ही समजत होतो, जुनी फॅशन.

“मापं शिकवताना ती माझाच हात धरायची,” आत्या म्हणाली. “तिचा मी कधी बघितलाच नाही.”

तिचा चेहरा बघवेना. पण घड्याळात दोन वाजले होते.

“उसव,” मी म्हणाले.

आमच्याकडे बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात, म्हणून पुरी झालेली बाही खालून उसवता आली. सहाव्या ओळीला धागा तुटला. आत्याने दोन्ही टोकं जिभेवर ओली करून तळहातांत घासली आणि सांधली. पुढे आणखी दोनदा तुटला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग आपली करंगळी वाकवून तिने बाहीवर वीत ठेवली, बॉर्डर पुन्हा विणली आणि उरलेला धागा दुसऱ्या बाहीला जोडला. शेवटचे टाके बंद केले तेव्हा हातात बोटभर लोकर होती आणि दारात बाई.

बाईंनी स्वेटर घातला. बाह्या मनगटाच्या वर थांबल्या. त्या आरशापुढे नुसत्या बाह्या खाली ओढत राहिल्या. आधी उजवी, मग डावी, परत उजवी.

आत्याने घाबरून विचारलं, “तोकड्या वाटतात का?”

“आई सारखी अशीच ओढायची,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपले हात काय करतायत.

मला रडू आवरेना. आत्याने मात्र पुढे होऊन त्यांचे हात अलगद बाजूला केले.

“ओढू नका. सांधलेली लोकर आहे,” ती म्हणाली. तिची करंगळी अजून वाकलेलीच होती.