रुमालाखालची करंगळी

कात्रजच्या एका गोठेवाल्याने मला म्हशीच्या सौद्यात फसवलं. वर्षभर मी हे भेटेल त्याला सांगत होतो. आता सांगताना अडखळतो.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात द्यायचा. विकणारा घेणाऱ्याची जितकी बोटं धरेल तितके हजार. त्या दिवशी 'नव्वदाच्या वर' एवढंच बोलणं झालं होतं, वरचे हजार बोटांवर ठरायचे होते. त्याने माझी बोटं धरली. मला तीन लागली. मी मान हलवली, रुमाल निघाला, सौदा झाला. पैसे काढले तर म्हणतो, "भाऊ, चार धरली व्हती."

"तीन!"

"वीस वर्सं तुमचा हात धरतुय. आज खोटं बोलीन व्हय?"

सायकलवर दूध घालत मी वर आलोय, कुणाकडून फसवून घेतलं नाही. भर बाजारात त्याला चोर म्हणालो. म्हैस घेऊन तो निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे विश्रांतवाडीहून स्वारगेटपर्यंत स्कूटर चालवली की उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. चहाचा कप निसटायचा. डॉक्टरबाईंनी मानेचा एक्स-रे काढला आणि मानेच्या शेवटच्या मणक्यापाशी पेन टेकवलं. "ही बरगडी जादा आहे. जन्मापासूनची. हाताकडे जाणाऱ्या शिरा दाबतेय."

"इतकी वर्षं गप्प होती की!"

"तुम्हाला विचारून त्रास देणार होती का?"

"काढायचं काय घ्याल? नीट सांगा."

"अहो, इथे भाव होत नाही. डोळे मिटा. कोणतं बोट धरलंय?"

"आधी धरा तरी."

डोळे उघडले, तर करंगळी त्यांच्या चिमटीत होती.

मी विचारलं, वर्षापूर्वीही ती अशीच बधिर असेल का?

"असेल, नसेल. बधिरपणा येतो-जातो. हात मात्र तेव्हाही गार पडत असणार, एवढं नक्की."

म्हणजे चार होती? की तीनच, आणि हा एक्स-रे आता त्याला फुकट साव ठरवतोय? दोनदा कात्रजची बस धरली, दोनदा मधेच उतरलो. कधी वाटतं, जाऊन त्याचे पाय धरावेत. कधी वाटतं, गचांडी.

समजा, चूक माझी. पण माझा हात त्याच्या मुठीत होता. वीस वर्षं धरलेला हात गार पडलाय, हे त्याला कळलं नाही? आणि कळलं, तर रुमाल काढण्याआधी तो बोलला का नाही? बाकी सगळं सोडतो. एवढ्याचं उत्तर त्याने मला तोंडावर द्यावं.