नववी फट

चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभ्या राहिलेल्या त्या माणसाला सगळे सूतराव म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा; तेवढ्यासाठी ते साहेबाशीही भांडत. निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून त्यांनी ‘ध्रुवयान’ मालिकेतलं अंतराळयान पितळेत उतरवलं. टीव्हीच्या काचेवर पट्टी लावून मापं घेतली. चूक एकच. इंजिनाच्या जाळीला आठ फटी हव्यात, तिथे नऊ पडल्या. फटी मोजायला एरवी बायको शेजारी बसायची. त्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. परत आली नाही. जाळी त्यांनी बदलली नाही.

यान पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या दुकानात, काचेच्या कपाटात असे. दर रविवारी सकाळी मालिकेचे पाच-सहा चाहते तिथेच जमत. कप्तानाचं काम करणारा नट वारला होता, आणि कंपनी संगणकावर त्याचा चेहरा बनवून नवा सिनेमा काढणार होती. चाहत्यांनी संमती कळवावी, असं पत्र आलं होतं.

“नटाच्या मुलीचा विरोध आहे म्हणे,” बाइंडर म्हणाला.

“मेलेल्याला काय विचारायचं? मला कप्तान परत बघायचाय,” सूतराव म्हणाले. संमतीसाठी पहिला हात त्यांचाच वर गेला.

काही महिन्यांनी सिनेमाची झलक आली. सगळे बाइंडरच्या फोनवर झुकले. यान वळलं, मागची जाळी दिसली.

“थांबव. मागे घे.” सूतरावांनी बोट टेकवून मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ. “हे माझं यान आहे.”

“मग! मीच तुझ्या यानाचे फोटो पाठवले होते, संमतीच्या पत्राबरोबर,” शाळेतून निवृत्त झालेले मास्तर खूश होऊन म्हणाले. “नशीब काढलंस लेका!”

“मला न विचारता?”

“अरे, तू तर मेलेल्यालाही विचारू नका म्हणालास. आता जाळीसाठी परवानगी?”

कुणीतरी खुदकन हसलं.

“ती नववी फट काढायला सांगा त्यांना,” ते म्हणाले. “आणि त्या दिवशीचा माझा हात खाली घ्या.”

“आता कसा घेणार?” बाइंडर हळूच म्हणाला. “त्यांनी जाहिरातीतही छापलंय. चाहत्यांची एकमताने संमती.”

सूतरावांनी कपाट उघडलं, यान उचललं आणि घरी नेलं.

जाळी सोडवून त्यांनी पितळेची पट्टी कापली, कानशीने घासून मापात आणली आणि नवव्या फटीत बसवून पाहिली. तसूभरही उजेड येईना. काम चोख झालं होतं. तरी त्यांनी पट्टी परत काढली आणि बाजूला ठेवली.

मग वहीतला कागद फाडून नटाच्या मुलीला पत्र लिहायला बसले. ‘तुमच्या वडिलांच्या वेळी पहिला हात मी वर केला होता,’ एवढं लिहून झालं. संध्याकाळपर्यंत पुढची ओळ आली नाही.