सलाईनचं चाक मी फिरवलं

मैत्रिणींनो, आज सकाळची गोष्ट. माझ्या सात वर्षांच्या लेकीला कॅन्सरचं औषध चालू झालंय. सलाईन भरभर चाललं होतं आणि सारखं लघवीला उठून लेक दमली होती. आमच्या गावात पाणी टँकरचं; वाहती धार मला बघवत नाही. मी नळीवरचं चाक फिरवून सलाईन बारीक केलं.

सिस्टर ओरडल्या, "ताई, कावून हात लावला? औषधानं गाठ फुटती, तिचा कचरा किडनीत साचतो. पाण्यानं वाहून न्हाई गेला तर किडनी बंद पडंल!"

त्यांनी सलाईन पुन्हा भरभर सोडलं. दुपारी लघवी मोजली. पुरेशी भरली, म्हणजे किडनी चालू होती. "वाचली तुमची पोरगी," सिस्टर म्हणाल्या. देवाचं नाव घ्यावं म्हटलं, तर हातच जोडले जाईनात.

बायांनो, लेकराच्या सलाईनला हात लावायच्या आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.