बरं असल्याची शिक्षा

माझ्या वहिनीला ओरडता येत नाही, अशी आमच्या घरात सगळ्यांची समजूत होती. ती गाडी चालवायला शिकवते. ज्या धंद्यात भलेभले घसा फोडून घेतात, त्यात ती वर्षानुवर्षं हळू आवाजात बोलत आली. शिकणारा माणूस क्लच सोडून गचका देतो, मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात, आणि ही शेजारच्या सीटवरून म्हणते, "असू द्या. परत पहिला गिअर टाका." एकदा एका निवृत्त मास्तरांनी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं. वहिनी म्हणाली, "मास्तर, केस कापायचे असतील तर उतरून जावं लागतं."

मी तिची नणंद. दादा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रावर, त्यामुळे घरात मी, वहिनी आणि तिचा मुलगा. जागचा हलला की गरगर फिरतच सुटायचा, म्हणून त्याला आम्ही भोवरा म्हणतो. मी त्याच्याच शाळेत चित्रकला शिकवते.

तो रांगायला लागला तसे त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. जवळच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात मुलाला कोण मारतं?" मग ते माझ्याकडे बघायला लागले. आजही ते रस्त्यात दिसले की माझं डोकं फिरतं.

मोठ्या इस्पितळातल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी खरं काय ते सांगितलं. भोवऱ्याच्या रक्तात ते गोठवणारं एक द्रव्य तयारच होत नाही. आपलं बोट कापलं तर रक्त येतं आणि थांबतं, त्याचं वाहतच राहतं. "पण बाहेरच्या जखमेला मी एवढी घाबरत नाही," बाई म्हणाल्या. "आत सांध्यात रक्त साठतं, ते वाईट. गुडघा एकदा आतून खराब झाला की परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणून रक्त यायची वाट बघायची नाही. आधीच इंजेक्शन देत राहायचं."

हे इंजेक्शन घरच्या मिळकतीतून घ्यायचं म्हणजे दादाला जहाजच विकावं लागलं असतं, आणि तेही त्याचं नव्हतं. पण गंभीर आजाराच्या मुलांसाठी सरकारी योजना होती. भोवरा तिच्यात बसला, आणि खरं सांगते, त्या दिवशी आम्ही सरकारला मनापासून दुवा दिला. इस्पितळातल्या सिस्टरने वहिनीला सुई टोचायला शिकवलं. फ्रिजमध्ये भाजीच्या वरच्या कप्प्यात औषधाचे खोके असायचे. सकाळी वहिनी बाटली तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवायची, हलवायची नाही. भोवरा स्वतः हात पुढे करून शीर दाखवायचा. "आज ही घे, कालची दमलीय."

आणि मग तो पळायला लागला. जिने, बाकं, शाळेचा पॅसेज, सगळीकडे. डाग उठणं थांबलं. वर्षभर एकदाही कुठला सांधा सुजला नाही. डॉक्टरीणबाई त्याला बघून हसायच्या. आम्हीही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

वर्षातून एकदा योजनेच्या कार्यालयात मुलाला दाखवायला न्यावं लागायचं. त्या वर्षी मीही बरोबर गेले. टेबलामागचे साहेब सभ्य होते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी भोवऱ्याला गोळी दिली, पळून दाखवायला सांगितलं. भोवरा पार पाण्याच्या टाकीपर्यंत पळून आला.

"छान! मूल तर ठणठणीत आहे," साहेब म्हणाले.

"हो," वहिनी खुशीत म्हणाली. "औषध लागू पडलं."

"वर्षभरात रक्तस्राव नाही. म्हणजे आता तो गंभीर गटात येत नाही. नवा नियम आहे. यापुढे नियमित औषध बंद. रक्तस्राव झाला तर या, तेव्हा मिळेल."

वहिनीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तिने शिकाऊ माणसाला समजावते तसं सावकाश समजावलं. औषध आहे म्हणून रक्त येत नाही. औषध गेलं की येईल. आलं की गुडघा जाईल. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. "तुमचं बरोबर आहे ताई. पण आमच्या हातात काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं, फोन केले, स्वतः जाऊन आल्या. त्यांनाही तेच ऐकवलं गेलं.

आजारी मूल बरं राहिलं, तर ते आजारी नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? मला त्या माणसाला एकदा समोर बसवून बघायचंय. त्याच्याही घरी मुलं असतील, तापात त्यांना औषध देत असेल, आणि ताप उतरला की त्यालाही बरं वाटत असेल.

खोके संपले. फ्रिजचा कप्पा रिकामा झाला तशी घराची तऱ्हाच बदलली. पळू नको, चढू नको, उडी मारू नको. खेळाच्या तासाला भोवरा माझ्या चित्रकलेच्या वर्गात येऊन बसायचा आणि खिडकीतून मैदान बघायचा. कागद कोरा. एकदा मी म्हटलं, "काढ ना काहीतरी." तो म्हणाला, "आत्या, मला काढायचं नाहीये, खेळायचंय."

एके दुपारी तो तिथेच बसलेला असताना म्हणाला, "गुडघ्यात गरम वाटतंय." मी पँट वर केली. गुडघा एका बाजूने फुगायला लागला होता. पडला नव्हता, आपटला नव्हता. मी वहिनीला फोन केला. तिने शिकाऊ मुलीला बाजूच्या सीटवर बसवलं आणि गाडी तशीच शाळेच्या फाटकात आणली. इस्पितळात पोचेपर्यंत त्याचा पाय सरळ होईना.

औषध इस्पितळात होतं. काचेच्या कपाटात, आमच्या डोळ्यांसमोर. पण आधी योजनेची मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे साहेब बैठकीला गेलेले. सिस्टर फोन लावत होती, डॉक्टरीणबाई दुसऱ्या फोनवर चिडत होत्या, आणि भोवरा आईचा दुपट्टा मुठीत धरून रडत होता. "आई, मी काही केलं नाही गं. नुसता बसलो होतो. आत्याला विचार."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सरळ कपाट उघडलं. "माझ्या नावावर लिहा," त्या सिस्टरला म्हणाल्या. पण तोवर गुडघा लाकडासारखा घट्ट झाला होता.

काही दिवसांनी आम्ही परत त्या टेबलासमोर उभ्या. साहेबांनी कागद बघितले, मान वर केली आणि खरोखर आनंदाने म्हणाले, "बघा, झालं ना काम! आता बसतं तुमचं नियमात."

तेव्हा वहिनी ओरडली.

मी तिला तसं कधी ऐकलं नव्हतं. "काम झालं? माझ्या पोराचा पाय गेला आणि तुम्ही म्हणता काम झालं? माझ्या गाडीला वर्षभर अपघात झाला नाही, म्हणून तुम्ही येऊन ब्रेक काढून न्याल का? आणि पोरगं मेलं की सांगाल, ताई, घेऊन जा आता तुमचे ब्रेक?" बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. शिपाई दारातून धावत आला.

आणि साहेब काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, "उदाहरण छान दिलंत ताई. पण नियम वरून येतो."

वहिनीने पर्स उचलली. मला वाटलं, आता रडेल. ती वळून सरळ बाकांकडे गेली आणि एकेकाला विचारायला लागली, "तुमच्या मुलाचं काय बंद केलं?" एका लिफ्टमनच्या बायकोच्या मुलीला फिट्स यायच्या. गोळ्यांनी थांबल्या, म्हणून गोळ्या थांबल्या. एका शिंप्याच्या नातीला श्वासाचं यंत्र मिळालं होतं. तिचं वजन वाढलं, म्हणून ते परत मागितलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच नशिबाला हे आलंय. प्रत्येकाला सांगितलं होतं, नियम आहे.

पुढचे कित्येक आठवडे वहिनी शिकवणी संपली की त्यांच्या घरी जात होती. लिफ्टमनची बायको तिच्याहून जहाल निघाली. पेपरवाल्यांना तिने गाठलं. साहेबांच्या वर कोण आणि त्याच्या वर कोण, हे तिने लिफ्ट मजल्यामजल्याने वर नेल्यासारखं शोधून काढलं. शेवटी समितीच्या बैठकीत बोलायला आम्हाला वेळ मिळाला. वहिनीने मुलांना आणि आयांना शिकवणीच्याच गाडीतून, खेपा करून आणलं.

समितीच्या अध्यक्षांनी लांबलचक टेबलाच्या टोकावरून मुलांकडे पाहिलं. लिफ्टमनची मुलगी फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती.

"यातली बरीच मुलं तर आजारी दिसत नाहीत," ते म्हणाले.

"म्हणूनच आणलीत," वहिनी म्हणाली. "यातल्या बऱ्याच जणांचं औषध अजून चालू आहे. पुढच्या महिन्यात बंद होणार आहे. आणि हा माझा. याचं बंद केलं होतं." तिने भोवऱ्याला पुढे केलं. "चालून दाखव रे."

तो टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, पाय ओढत. वाटेत एका सदस्याने पाणी प्यायला उचललेला ग्लास तसाच हातात धरून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी नंतर मिनिटभर बोलून घेतलं, पण त्याची गरज नव्हती.

नियम बदलला. लगेच नाही, बऱ्याच खेपा झाल्या, पण बदलला. उपचार चालू असल्यामुळे मूल बरं असेल, तर ते बरं झालं असं धरू नये, एवढंच एक वाक्य त्यात घातलं. एवढंच! हे वाक्य कोणत्याही आईने फुकट सांगितलं असतं. शिंप्याच्या नातीचं यंत्र घरी राहिलं. लिफ्टमनच्या मुलीच्या गोळ्या परत चालू झाल्या. आमच्या फ्रिजमध्ये परत आलेले खोके आता कायम राहिले. भोवऱ्याचा गुडघा मात्र पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मोठा झाल्यावर शस्त्रक्रिया बघू.

मध्यंतरी कार्यालयातून वहिनीला फोन आला. योजनेची जाहिरात करायचीय, भिंतींवर मोठे फलक लागणार आहेत, त्यासाठी भोवऱ्याचा हसरा फोटो हवा. "तुमच्या मुलाची कहाणी फार प्रेरणादायी आहे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

वहिनीने फोन स्पीकरवर टाकला होता, ती भोवऱ्याच्या पायाला व्यायाम देत होती. टाच हातात धरून, हळूहळू दाबत. तो ओठ घट्ट मिटून सोसत होता.

"फोटो देते," ती म्हणाली. "गुडघ्याचा देते. खाली लिहा, हा आम्ही केला."

पलीकडचे म्हणाले, साहेबांना विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.