मास्तरांच्या वासाचं पिल्लू

मास्तरांनी उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नव्हती. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू, खाली एका खोलीत मास्तर आणि त्यांचं शिवणयंत्र, समोरच्या खोलीत बेकरीत पाव भाजणारा भाडेकरू, आणि खालच्या दोघांत मिळून एक न्हाणीघर. त्या न्हाणीघराच्या नळावरूनच दोघांचं बिनसलं होतं. दोन वर्षं मास्तर त्याच्याशी फक्त भिंतीमार्फत बोलत. "काही लोकांना नळ घट्ट बंद करता येत नाही," असं ते भिंतीला सांगत.

अशात मास्तरांच्या चिंध्यांच्या गाठोड्यात मांजराचं एक रानटी पिल्लू शिरलं. मूठभर जीव, पण हात पुढे केला की फिस्कारून ओरबाडायचं. काकूंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. "उचलून घेता आलं तर राहील. नाहीतर बाजारातल्या गोदामात सोडून येईन. मला रक्तबंबाळ भाडेकरू नकोत."

"पंधरा कशाला? आठ दिवसांत मांडीवर झोपवतो," मास्तर म्हणाले. फुशारकीत त्यांचा हात कोणी धरला नसता. पण खरं सांगायचं तर त्यांना ते पिल्लू मनापासून हवं होतं. त्यांच्याकडे माणसं येत ती माप देऊन निघून जात, बसत कोणी नसे.

एका गिऱ्हाइकाने सुचवलं, अंगातून काढलेला कपडा पिल्लाजवळ ठेवा, वासाची सवय होते. मास्तरांनी तडक न्हाणीघराच्या खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढून गाठोड्यात ठेवला. आता गंमत अशी, की दोघांचं बरं होतं तेव्हा त्याच ताग्यातला एक शर्ट त्यांनी समोरच्यालाही शिवून दिला होता. चष्मा लावायचा तर मास्तरांची इभ्रत आड येई, आणि तपकिरीने नाक कधीच निकामी झालं होतं. समोरच्याने दोन दिवस शर्ट शोधला आणि नाद सोडला. भिंतीला विचारायची त्याला सवय नव्हती.

पंधरा दिवस मास्तर जमिनीवर बसून पिल्लाशी लाडीगोडीने बोलले. पिल्लू शर्टात झोपे, मास्तरांचं दूध पिई आणि मास्तरांवरच फिस्कारे.

मुदतीच्या सकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी हात घातला आणि रक्ताळलेलं बोट बाहेर काढलं. तेवढ्यात कामावरून परतलेला बेकरीवाला काय गोंधळ आहे म्हणून डोकावला. पिल्लू शेपटी ताठ करून निघालं ते थेट त्याच्या पायांना अंग घासू लागलं. त्याने उचललं, तर बेटं खांद्यावर घुरघुरायला लागलं.

"अहो मास्तर," त्याचं लक्ष गाठोड्याकडे गेलं, "हा तर माझा शर्ट!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. "राहिलं पिल्लू," त्या म्हणाल्या. राहिलं, पण समोरच्या खोलीत, शर्टासकट. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बघणाऱ्यांना वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं, उगाच खोटं कशाला बोला.

दोन दिवस त्यांनी भिंतीलाही काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते समोरच्या दारात उभे राहिले आणि दोन वर्षांत प्रथमच माणसाकडे बघून बोलले.

"तो शर्ट दे तुझा. खांद्यात उसवलाय. शिवून देतो."

बेकरीवाल्याने शर्ट उलटसुलट करून पाहिला. कुठेही उसवला नव्हता. तरी त्याने तो दिला.

आठवड्याने तो मास्तरांच्या दारावरून जाताना थांबला. आत मास्तर यंत्रापाशी बसले होते. अंगात तो ढगळ शर्ट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि मांडीवर पिल्लू गाढ झोपलेलं.

"काय मास्तर, झाला का शर्ट?"

मास्तर जागचे हललेसुद्धा नाहीत.

"हळू बोल," ते पुटपुटले. "अजून पंधरा दिवस लागतील."